आधी पत्रा, मग यंत्र

होळी उलटली की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक प्रश्न हटकून कानावर येतो. "ऑफिसचा जुना एसी आता दम धरेना. त्याच्या जागी कोणता घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा टॉवेल किंवा चादरीचा कारखानदार असतो. त्याला उत्तर देणारेही ठरलेले असतात. दुकानदार, शेजारच्या प्लॉटवाला आणि घरातला एखादा जाणता पाहुणा, तिघेही एकच सांगतात. होता त्यापेक्षा अर्धा टन मोठा घ्या. घेताच आहात तर हॉट अँड कोल्ड घ्या. कूलरच्या नादी लागू नका, सोलापूरच्या उन्हाला आता कूलर पुरत नाही. शेडचा विषय निघालाच तर चौथे वाक्यही तयार असते: "शेडला गारवा परवडत नाही हो, मागवाल्यांना सवय असते."

मी या वसाहतीत बावीस वर्षे एसी, कूलर आणि कंप्रेसरची कामे करतो. ही चारही वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की आता गप्प बसणे मला पटत नाही. पहिली तीन वाक्ये कारखानदाराचे पैसे वाया घालवतात. चौथे माणसाच्या जिवाशी खेळते. म्हणून एकेकाचा समाचार घेतो.

सुरुवात 'मोठा घ्या' या सल्ल्यापासून. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मला एका टॉवेल कारखान्यातून बोलावणे आले. दोन टनाचा एसी होता, खोली दुपारी तिशीच्या खाली येत नव्हती आणि तीन टनाचे कोटेशन टेबलावर पडले होते. मी मागच्या भिंतीकडे गेलो. आउटडोअर युनिट शेडच्या पंख्याच्या तोंडासमोर बसवलेले होते. शेडमधली गरम हवा आणि तिच्याबरोबर उडणारी रुई थेट त्याच्यावर येत होती. कॉइलवर करड्या रंगाचा एक जाड, मऊ थर बसला होता. कडेला नख घालून ओढला तर हातभर तुकडा अखंड सुटून आला. त्या कॉइलवर टॉवेलच विणला गेला होता म्हणा ना. ब्रश मारला, उलट बाजूने पाण्याने धुतले, युनिट उत्तरेच्या भिंतीवर सावलीत हलवले. त्याच यंत्राने त्याच दुपारी खोली सव्वीसवर आणली. तीन टनाचे कोटेशन परत गेले.

त्या ठिकाणी तीन टन बसवला असता तर काय झाले असते? पहिला महिना सगळे खूश. मग त्याच जागी, त्याच रुईने, तीच कॉइल पुन्हा बंद. वरून वीजबिल जास्त आणि जुन्या वायरीवर भार जास्त. यंत्र का थकले हे न पाहता त्याच्या जागी मोठे यंत्र आणणे म्हणजे ताप कशाने आला ते न विचारता गोळ्यांची संख्या वाढवणे.

यावर दुकानदार एक मुद्दा मांडतो आणि तो खोटा नाही. एसीच्या पाटीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पत्र्याच्या भिंतीलगत हवा त्याहून तापते. तिथे यंत्राची ताकद कमी पडते, हे खरे. पण या खऱ्या गोष्टीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आउटडोअरला सावली आणि मोकळी हवा मिळाली की हरवलेल्या ताकदीचा मोठा भाग परत मिळतो. त्याला खर्च एका ब्रॅकेटचा आणि काही फूट कॉपर पाइपचा. वाढवलेला अर्धा टन मात्र दर महिन्याच्या बिलात आणि डीपीपासून आलेल्या वायरीवर कायमचा बसतो.

यंत्र खरोखरच संपले असेल तर बदलावे, त्याला माझी ना नाही. ज्या जुन्या एसीत आर-२२ गॅस आहे आणि कॉइल जागोजाग गळते आहे, त्यात दरवर्षी गॅस भरत बसू नये. हा गॅस ओझोनच्या थराला हानी करतो आणि जगभर टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. त्या यंत्रात नवा आर-३२ गॅस भरून काम चालवा असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा. दोन्ही गॅसचे दाब वेगळे, आर-३२ सौम्य का होईना पण पेट घेणारा, आणि जुने यंत्र त्यासाठी बनवलेलेच नाही. नवा घेताना स्टार मोजा, पण ते कोणत्या वर्षाचे आहेत तेही पाहा. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले आणि त्याआधीचे पाच स्टारचे यंत्र चार स्टारवर आले. गोदामात पडलेला जुना पाच स्टार आणि नवा पाच स्टार एक नव्हे.

आता 'हॉट अँड कोल्ड'. सोलापुरात हिवाळ्यातली पहाट गार असते, शाल लागते, शेकोटीही पेटते. पण कारखान्याचे ऑफिस दहाला उघडते तेव्हा खिडकीतून ऊन आत आलेले असते. ऑफिस तापवण्याची गरज इथे वर्षातून किती दिवस पडते, ते कारखानदाराने स्वतःच्या मनाला विचारावे. त्या दिवसांसाठी जादा झडप आणि जादा किंमत कशाला? हे यंत्र जिथे खरे लागते ती ठिकाणे वेगळी आहेत. थंड देशांच्या किनाऱ्यावर लोक शिडाच्या होडीत राहतात, तिथे एकच छोटे यंत्र उन्हाळ्यात केबिन गार करते आणि हिवाळ्यात तापवते. ते उष्णता हवेत टाकत नाही, पंपाने खेचलेल्या समुद्राच्या पाण्यात टाकते. त्या होडीवाल्याकडून आपण एक गोष्ट मात्र जरूर शिकावी. जुने यंत्र बदलायचे झाले की तो आधी बाकाखालची जागा मोजतो, धक्क्यावरून किती अँपियर वीज मिळते ते पाहतो, पाणी किती गार आहे ते पाहतो आणि मगच यंत्र निवडतो. होडीत जागा, वीज आणि पाणी मोजकेच असते, म्हणून त्याला मोजावे लागते. आपल्याकडेही वीज मोजकी आहे, पाणी तर त्याहून मोजके. तरी आपण मोजत नाही.

तिसरे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते: सोलापूरच्या उन्हाला कूलर पुरत नाही. मला हे वाक्य अगदी उलटे करून सांगायचे आहे. सोलापूरचे ऊन हे कूलरसाठीच आहे. कूलर चालतो तो हवेच्या कोरडेपणावर. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेते. एक लिटर पाणी उडते तेव्हा पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता घेऊन जाते. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असेल, तर बुडाला ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर पारा तेविसाच्या आसपास दिसतो. चांगल्या जाड हनिकोंब पॅडमधून आलेली हवा त्या आकड्याच्या बरीच जवळ, सत्तावीस अंशांपर्यंत उतरते. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. सोलापुरात जमते, आणि नेमके सर्वांत कडक दुपारीच सर्वांत चांगले जमते.

मग लोकांचा अनुभव वाईट का? कारण त्यांनी कूलर बंद खोलीत ठेवला. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते. दारे-खिडक्या लावून घेतल्या की तासाभरात खोली भिजल्यासारखी होते, अंग चिकट होते आणि दोष कूलरच्या माथी बसतो. पॅडचे गवत तीन-तीन वर्षे बदललेले नसते, बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षाराची पांढरी पुटे चढलेली असतात. असा कूलर पुरणार कसा?

शेडच्या बाबतीत तर मुद्दा याहून पक्का आहे. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळी कापडाच्या गिरणीत जन्मला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचे स्टुअर्ट क्रेमर यांनी १९०६ मध्ये तो पहिल्यांदा वापरला, आणि तो वापरला सूतगिरणीतल्या हवेला ओलावा देण्याच्या कामासाठी. हवा गार करणे हा त्यातला मूळ हेतू नव्हता. सूत कोरडे पडू नये, हा होता. मागावर बसणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. मार्चनंतर वारे कोरडे झाले की ताणा चटाचट तुटू लागतो, खळ दिलेली तार कडक होते, रुई जास्त उडते आणि जोडणी करता करता माणसाचा जीव जातो. ओलावा धरलेले सुती सूत जास्त ताण सोसते, हा कापसाचा गुणधर्म आहे. म्हणून सुती विणकामाच्या खात्यात आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात ठेवावी, असे वस्त्रोद्योगात शिकवले जाते.

एसी काय करतो? हवेतले पाणी काढून नळीने बाहेर टाकतो. म्हणजे ज्या शेडला ओलावा हवा, तिथे ओलावा हिरावून घेणारे यंत्र बसवायचे आणि वर त्याला सुधारणा म्हणायचे. डक्टमधून खेळवलेली कूलरची हवा माणसालाही गारवा देते आणि सुतालाही ओलावा देते. एका खर्चात दोन कामे होतात, आणि दुसरे काम थेट उत्पादनात दिसते.

आकड्यांत बोलू. तीन हजार चौरस फुटांची, चोवीस यंत्रमागांची शेड धरा. प्रत्येक मागाला एक अश्वशक्तीची मोटर, म्हणजे सगळ्यांची मिळून अठरा किलोवॅट. मोटर खाते ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन शेडमध्येच राहते, ती झाली पाच टन. वर तापलेला पत्रा. दुपारी तो साठ अंशांवर जातो. दर चौरस मीटरला दीडशे वॅट आत येतात असे धरले तरी २८० चौरस मीटरमागे ४२ किलोवॅट होतात, म्हणजे बारा टन. हिशेब ढोबळ आहे, पण बोलका आहे: मागांच्या दुपटीहून जास्त उष्णता पत्रा ओततो. ही शेड एसीने गार करायची तर सतरा टनांच्या वर यंत्रे आणि वीस किलोवॅटच्या आसपास वीज लागेल. तासाला प्रत्येकी १८,००० घनमीटर हवा देणारे दोन डक्ट कूलर मिळून तीन किलोवॅटमध्ये शेड बत्तीस अंशांच्या आसपास आणतात. एसीचे चोवीस अंश त्यातून मिळणार नाहीत, हे मी आधीच सांगतो. पण त्रेचाळीस आणि बत्तीस यांतला फरक मागावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

इथे दोन आक्षेप येतात आणि ते टाळून चालणार नाही. पहिला पाण्याचा. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे कूलर कसा चालवायचा? प्रश्न अगदी रास्त आहे. भर दुपारी असे एक यंत्र तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी उडवते. रोज दुपारचे सहा तास धरले तर पाच हजार लिटरचा टँकर दोन यंत्रांना तीन-साडेतीन दिवस पुरतो. हा खर्च आहे, आणि तो विजेच्या बचतीशी ताडून पाहायचा असतो, घाबरून सोडून द्यायचा नसतो. पत्रा पांढरा केला तर यंत्र कमी वेळ चालवावे लागते आणि पाणीही वाचते. दुसरा आक्षेप पावसाळ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा आधीच दमट असते, तेव्हा पाण्याचा पंप बंद ठेवायचा आणि नुसता पंखा चालवायचा. त्या दिवसांत पाराही खाली असतो आणि सुतालाही जादा ओलावा नको असतो. वर्षातले आठ-नऊ महिने ज्याला हे साधन उपयोगी पडते, त्याने उरलेल्या तीन-चार महिन्यांसाठी ते नाकारू नये.

आणि पत्रा. या सगळ्या वादात पत्र्याचे नावच कोणी घेत नाही, कारण पत्रा पांढरा करण्यात कोणाचे कमिशन नसते. शेजारच्या तेलंगणाने, जिथून सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक विणकर कुटुंबांचे पूर्वज आले, २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण लागू केले. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. ऊन परतवणारा पांढरा रंग हे कोणाला पेटंट द्यावे असे गुपित नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला धाब्यावर चुना मारायचे कळत होते.

कायद्यालाही पत्रा माहीत होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १३ ने भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे आणि अशा रचनेचे असावे असे म्हटले की आतले तापमान शक्य तितके कमी राहील. यंत्राचा उल्लेख येण्याआधी छपराचा उल्लेख आला. त्याच कायद्याच्या कलम १५ ने हवेत ओलावा सोडण्यासाठी वापरायचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातून घ्यावे किंवा नीट शुद्ध करून घ्यावे, असे बजावले. शेवाळलेल्या टाकीचे पाणी माणसाच्या फुफ्फुसात पाठवायला कायद्याने कधीच परवानगी दिली नाही. महाराष्ट्राच्या कारखाने नियमांनी तर ओल्या वातीच्या पाऱ्याला तीस अंशांची मर्यादा घातली आणि हवा खेळती राहावी असेही सांगितले. कारण तीसच्या वर घाम नीट वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर तापत जाते.

आता ते चौथे वाक्य. 'मागवाल्यांना सवय असते.' सवय कशाची? मीठ आणि पाणी घामावाटे गमावण्याची? रात्रपाळीला चक्कर येऊन बीमला टेकून बसण्याची? घरी तान्हे मूल आहे, उद्याची पाळी बुडाली तर मजुरी बुडेल, म्हणून न बोलता उभे राहण्याची? याला सवय म्हणत नाहीत, याला नाइलाज म्हणतात. १८७७ मध्ये या गावात पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला आपण आजही जुनी मिल म्हणतो. तेव्हापासून सोलापूरचे नाव ज्यांनी देशभर पोचवले, ती माणसे मागावर उभी राहणारी होती. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीवर आणि टॉवेलवर त्यांच्या हातांची छाप आहे. ऑफिसात चोवीस अंशांवर बसून त्यांच्या सवयीबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. १८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्या दिवसानंतर या वसाहतीत कोणतेही यंत्र बदलताना दोन प्रश्न पहिले विचारले गेले पाहिजेत. वाढीव भार जुन्या वायरी आणि जुने पॅनेल सोसतील का? आणि गारव्यासाठी जी खिडकी किंवा जे दार बंद करतो आहोत, ते माणसांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर तर नाही ना? एसी खिडक्या बंद करायला लावतो, कूलर उघड्या ठेवायला लावतो. रुईने भरलेल्या शेडमध्ये हा फरक मला लहान वाटत नाही.

कारखानदार बंधूंनो, यंदा दुकानात जाण्याआधी एवढे करा. शंभर-दोनशे रुपयांचे दोन थर्मामीटर आणा. एकाच्या बुडाला आपल्याच कारखान्यातल्या सुती धाग्याची ओली वात गुंडाळा. दुपारी तीन वाजता शेडच्या मध्यभागी, माणसाच्या छातीच्या उंचीवर दोन्ही टांगा, आठ दिवस आकडे वहीत लिहा. मग पत्रा पांढरा करा, आउटडोअर धुऊन सावलीत हलवा आणि पुन्हा आठ दिवस लिहा. त्यानंतर जे यंत्र घ्यावेसे वाटेल ते घ्या, पण आधी शेडसाठी घ्या आणि मग ऑफिससाठी. ओल्या वातीचा पारा तीसच्या वर असेल, तर त्या दिवशी माग थांबवून माणसांना सावलीत बसवा आणि पाणी द्या.